'ऑलिव्हर ट्विस्ट' संपूर्ण वाचताना : ओगराळ्याने मोजलेली माणसे

चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी आपल्याकडे बहुतेकांनी संक्षिप्त रूपातच वाचलेली असते. मीही ती नववीत असताना पूरक वाचनाच्या एका पातळ पुस्तकातून वाचली होती. पेज संपल्यावर 'अजून हवी' म्हणणारा मुलगा, लंडनमधली खिसेकापूंची टोळी, एक दयाळू म्हातारे गृहस्थ आणि शेवटी सगळे गोड, एवढेच त्यातले माझ्या लक्षात राहिले होते. त्या आवृत्तीने पहिल्या सात प्रकरणांची मिळून जेमतेम पाच पाने केली होती, हे मला यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मूळ त्रेपन्न प्रकरणे ओळीने वाचली तेव्हा समजले. त्या वेळी जे गाळले गेले त्याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण गाळलेली तीच पाने या पुस्तकाचा गाभा आहेत असे आता माझे मत झाले आहे. हे परीक्षण त्या संपूर्ण पुस्तकाचे आहे, आणि त्यातही वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या संस्थेच्या, भागाचे अधिक आहे.

वर्कहाऊस म्हणजे काय हे नीट माहीत असल्याशिवाय या पानांतला जळजळीतपणा पोहोचत नाही. इंग्लंडमध्ये १६०१ पासून गरिबांची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर असे; तिथल्या मिळकतींवर कर बसे आणि त्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना, विधवांना, काम नसलेल्या मजुरांना घरी राहूनच पाव, कोळसा किंवा थोडे पैसे मिळत. या कराचा बोजा फार वाढला अशी ओरड होऊन १८३४ साली नवा कायदा आला. अनेक पॅरिशांचे मिळून एक युनियन, त्यावर निवडून आलेल्या, गरिबांचे 'गार्डियन' म्हणवणाऱ्या माणसांचे मंडळ, सगळ्यांवर लंडनमधले तीन आयुक्त, अशी नवी रचना झाली. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने घरदार मोडून वर्कहाऊसमध्ये यावे, आणि आतले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही नकोसे असावे, हे त्या कायद्याचे उघड तत्त्व होते. कुटुंब आत आले की दारातच त्याची ताटातूट होई. नवरा पुरुषांच्या अंगणात, बायको स्त्रियांच्या, मोठे मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे, अंगावर संस्थेचे कपडे आणि हाताला काम म्हणून जुने डांबरलेले दोरखंड उसवून त्यांचे धागे मोकळे करणे किंवा दगड फोडणे.

कादंबरी फेब्रुवारी १८३७ पासून 'बेंटलीज मिसेलनी' या मासिकात क्रमशः येऊ लागली तेव्हा या कायद्याला तीन वर्षेही झाली नव्हती आणि डिकन्सने नुकतीच पंचविशी गाठली होती. तो स्वतः बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले होते आणि तो बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले लावत होता. लहानपणी आणि पुन्हा तरुणपणी तो लंडनमध्ये ज्या घरात राहिला, तिथून क्लीव्हलँड स्ट्रीटचे वर्कहाऊस काही दारांच्या अंतरावर होते. लिहिणाऱ्याने ही भीती अगदी जवळून पाहिली आहे हे वाचताना सतत जाणवते.

आता कादंबरीकडे वळतो. मला तिच्यात सर्वांत थोर वाटली ती एक गोष्ट, आणि पुढचे सगळे त्याच अनुषंगाने लिहितो आहे. डिकन्सने या कायद्याची निर्दयता मारझोडीतून फारशी दाखवलेली नाही; त्याने ती मापांतून दाखवली आहे. या प्रकरणांत प्रत्येक गोष्ट मोजली जाते, तोलली जाते आणि तिची किंमत ठरते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शालेय पोषण आहाराची नोंदवही अनेक वर्षे माझ्याकडे होती आणि पहिली ते पाचवीला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे, हे आकडे मला झोपेतही आठवतात. त्यामुळे असेल कदाचित, पण या पुस्तकातल्या आकड्यांपाशी मी वारंवार थबकलो.

जन्मतःच आई गेलेल्या ऑलिव्हरला पॅरिश एका बाईकडे ठेवते. मिसेस मॅन नावाच्या या बाईकडे अशी वीस-तीस पोरे आहेत आणि दर डोई दर आठवड्याला साडेसात पेनी तिला मिळतात. त्यातला मोठा हिस्सा ती स्वतःसाठी ठेवते. मुलांची नावे बंबल हा पॅरिशचा अंमलदार वर्णानुक्रमे ठेवतो. आधीचे मूल 'एस'चे होते म्हणून हा 'टी'चा ट्विस्ट झाला, आणि पुढच्या मुलांची नावे आधीच तयार आहेत. नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला वर्कहाऊसमध्ये आणतात. तिथल्या मंडळाने पाणीपुरवठ्याच्या कंपनीशी हवे तितके पाणी घेण्याचा करार केला आहे आणि धान्याच्या व्यापाऱ्याशी अधूनमधून थोडे ओटचे पीठ घेण्याचा. त्या दोन करारांतून तीन वेळची पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा आणि रविवारी अर्धा पाव एवढा आहार तयार होतो. एका मुलाला एक वाडगा. सणासुदीला त्यासोबत सव्वादोन औंस पाव. वाडगी कधी धुवावी लागत नाहीत, कारण मुले ती चमच्यांनी खरवडून लख्ख करतात.

'अजून हवी' हा जगप्रसिद्ध प्रसंग याच्या पाठोपाठ येतो. माझ्या शाळेतल्या त्या पातळ पुस्तकाने तो ऑलिव्हरच्या धीटपणाची गोष्ट म्हणून सांगितला होता, आणि ही मला त्याची सर्वांत मोठी चूक वाटते. मूळ पुस्तकात मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या आहेत. वयाच्या मानाने उंच असलेल्या एका मुलाने दबक्या आवाजात सांगितले आहे की दररोज आणखी एक वाडगा मिळाला नाही तर एखाद्या रात्री तो शेजारी झोपणाऱ्या मुलालाच खाऊन टाकेल, आणि त्याचे डोळे असे भुकेलेले आहेत की बाकीच्यांना ते खरे वाटते. चिठ्ठी ऑलिव्हरच्या नावाची निघाली म्हणून तो उठतो. मुले कुजबुजतात, त्याला डोळ्यांनी खुणावतात, शेजारची मुले कोपराने ढोसतात आणि तो हातात वाडगे घेऊन पेजेच्या हंड्यापाशी उभ्या असलेल्या लठ्ठ व्यवस्थापकाकडे जातो. त्या माणसाच्या हातात ओगराळे आहे. क्षणापूर्वी ज्या ओगराळ्याने पेज मोजली, तेच ओगराळे तो मुलाच्या डोक्यात घालतो. शाळेत खिचडी वाढताना एखादे पोर दुसऱ्यांदा ताट पुढे करते, तेव्हा काहीही न बोलता त्याच्या ताटात आणखी वाढले जाते. हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे, आणि तरीही हे वाक्य वाचताना माझा हात आपसूक डोक्याकडे गेला.

यानंतर मुलाचीच किंमत ठरते. जो कोणी या मुलाला घेऊन जाईल त्याला ५ पौंड मिळतील अशी सूचना दारावर लागते. गॅमफील्ड नावाचा धुराडी साफ करणारा येतो. या धंद्यात लहान मुले धुराड्यात गुदमरून मेली आहेत हे मंडळालाही ठाऊक असते, आणि धंदा वाईट आहे या कारणावरून मंडळ मुलाला नकार देत नाही, रक्कम कमी करते. घासाघीस होऊन सौदा साडेतीन पौंडांवर येतो. करारावर सही करायला डोळ्यांनी अधू असा एक म्हातारा न्यायाधीश बसलेला असतो. दौत त्याला वाटली होती त्या जागी असती तर त्याने टाक बुडवून सही केली असती आणि ऑलिव्हर धुराड्यात गेला असता. दौत समोरच असूनही त्याला ती दिसत नाही. ती शोधत त्याची नजर टेबलभर फिरते आणि मुलाच्या भेदरलेल्या, पांढऱ्याफटक चेहऱ्यावर जाऊन थांबते. तो हातातला कागद बाजूला सारतो. एका आयुष्याचा निकाल दौतीच्या जागेवर लागतो, हे डिकन्सने फार आवाज न करता लिहिले आहे, आणि मला ते ओगराळ्याच्या प्रसंगाहूनही अधिक भयंकर वाटले.

शेवटी मुलगा सॉवरबेरी या शवपेट्या बनवणाऱ्याकडे जातो. त्याआधी हा गृहस्थ वर्कहाऊसच्या दारात बंबलशी गप्पा मारतो. मंडळ पेटीसाठी फार कमी पैसे देते अशी त्याची तक्रार असते. पण तो हेही मान्य करतो की खाण्याची नवी पद्धत आल्यापासून पेट्या पूर्वीपेक्षा अरुंद आणि उथळ झाल्या आहेत. याच गप्पांत बंबलच्या कोटाचे पितळी बटण येते. त्यावर पॅरिशची मुद्रा कोरलेली आहे, वाटेत जखमी पडलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बायबलमधल्या त्या भल्या समरितनाची. बंबलने ते बटण पहिल्यांदा लावले ते मध्यरात्री कुणाच्या तरी दारात थंडीने आणि उपासमारीने मेलेल्या एका व्यापाऱ्याच्या मृत्यूच्या चौकशीला जाताना. डिकन्स यावर काही भाष्य करत नाही. बटण दाखवतो आणि पुढे जातो.

पाचव्या प्रकरणासाठी मी हे पुस्तक कुणालाही घ्यायला सांगेन. ऑलिव्हर मालकाबरोबर एका पडक्या घरात प्रेताचे माप घ्यायला जातो. चुलीत विस्तव नाही. जमिनीवर जुन्या पांघरुणाखाली बाई पडली आहे, भोवती फाटकी पोरे, एक म्हातारी आई आणि नवरा. तो सांगतो की ती मरायला टेकली तेव्हा घरात विस्तव नव्हता, दिवा नव्हता, तिला अंधारात मुलांचे चेहरेही दिसले नाहीत. तिच्यासाठी तो रस्त्यावर भीक मागायला गेला तर त्याला तुरुंगात टाकले, आणि परत आला तेव्हा तिचा शेवट जवळ आला होता. दुसऱ्या दिवसापर्यंत पॅरिशकडून पाव आणि चीजचा तुकडा येतो. स्मशानात पाद्री तासाभराहून अधिक उशिरा येतो आणि प्रार्थनेतले चार मिनिटांत बसेल तेवढे म्हणून निघून जातो. खड्डा आधीच इतका भरलेला आहे की वरची पेटी जमिनीपासून काही फुटांवरच राहते. गरीब कुटुंबाचे वर्कहाऊसच्या छायेतले जगणे आणि मरणे या कादंबरीत इतके पूर्णपणे दुसरीकडे कुठेच येत नाही, आणि नेमके हेच प्रकरण संक्षिप्त आवृत्त्यांत सर्वांत आधी कापले जाते.

इतिहासाच्या बाजूने पाहता काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. आयुक्तांनी काढलेल्या आहाराच्या तक्त्यांत पाव, चीज, बटाटे आणि आठवड्यातून काही दिवस मांसही होते. फक्त पेजेवर मुले ठेवावीत असे कोणताही सरकारी कागद सांगत नव्हता. शिवाय कादंबरीत जुन्या काळचा पॅरिशचा अंमलदार आणि नव्या कायद्याचे मंडळ एकाच छपराखाली नांदतात, तेव्हा काळाचा हिशेबही काटेकोर लागत नाही. म्हणून डिकन्सने अतिशयोक्ती केली असे म्हणणाऱ्यांनी मात्र हॅम्पशायरमधल्या अँडोव्हर वर्कहाऊसचे प्रकरण आठवावे. १८४५ मध्ये तिथे खतासाठी जनावरांची हाडे फोडायच्या कामावर ठेवलेली माणसे त्या कुजक्या हाडांना चिकटलेले मांस आणि आतला मगज खात होती असे उघडकीस आले. संसदेची चौकशी झाली आणि १८४७ मध्ये त्या तीन आयुक्तांचा आयोगच बरखास्त करून त्याच्या जागी नवे मंडळ आणावे लागले. तक्त्यात लिहिलेले आणि वाडग्यात पडलेले यांतले अंतर कादंबरीने आठ वर्षे आधीच ओळखले होते.

हे तत्त्व इंग्लंडपुरते राहिले नाही, हेही मराठी वाचकाला सांगणे आवश्यक वाटते. १८७६-७८च्या दुष्काळात सरकारने दुष्काळी मदतीची पाहणी करायला नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यात ही मजुरी लागू झाल्यावर हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे लेखी दाद मागितली. मदत इतकी तुटपुंजी असावी की खरा नडलेलाच ती मागायला येईल, हा विचार जसाच्या तसा इकडे आला होता. आपल्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधली त्या वर्षांची पाने ज्यांनी चाळली आहेत, त्यांना या कादंबरीतले मंडळ परके वाटणार नाही.

पुस्तकाच्या उणिवाही लहान नाहीत. वर्कहाऊसमध्ये वाढलेला ऑलिव्हर पहिल्यापासून सुशिक्षित घरातल्यासारखी शुद्ध भाषा बोलतो, हे पटत नाही. आठव्या प्रकरणात तो लंडनला पोहोचला की कादंबरीचे वळणच बदलते. चोरांची टोळी आणि त्या टोळीतल्या नॅन्सी या तरुणीचे प्रसंग अत्यंत ताकदीचे आहेत, परंतु त्यांच्यासोबत योगायोगांची आणि मृत्युपत्राची जी गुंतागुंत येते ती सोडवता सोडवता लेखकही दमलेला दिसतो. ऑलिव्हर चांगल्या घरातला निघतो आणि त्यामुळे वाचतो. मिसेस मॅनकडचा त्याचा सवंगडी डिक कुणाच्याच घरातला निघत नाही आणि मरतो. वर्कहाऊसमधल्या इतर मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कादंबरी स्वतःच उभा करते आणि तसाच सोडून देते. आणखी एक गोष्ट आजच्या वाचकाला खुपेल आणि खुपायलाच हवी: टोळीचा म्होरक्या फॅगिन याचा उल्लेख नावाऐवजी त्याच्या ज्यू असण्याने शेकडो वेळा होतो. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी डिकन्सला याबद्दल पत्र लिहिले, आणि १८६७च्या आवृत्तीत त्याने उत्तरार्धातले असे बरेच उल्लेख काढले. त्याने ऐकले याचे समाधान आहे; जखम मात्र पुस्तकात आजही दिसते.

वर्कहाऊसमधल्या गरीब कुटुंबांवर आज इंग्रजीत पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्या निघतात, आणि त्या आवडीने वाचणाऱ्यांपैकी मी एक आहे. आई आणि लेकराची दारातली ताटातूट, भिंतीपलीकडून ऐकू येणारा ओळखीचा खोकला, रविवारच्या प्रार्थनेत लांबून झालेली नजरानजर, हे त्या चांगले रंगवतात. डिकन्सकडे हे जवळजवळ नाही. त्याचा नायक अनाथ आहे, म्हणून ताटातुटीची व्यथा त्याच्या वाट्याला येऊच शकत नाही. ती व्यथा त्याने सत्तावीस वर्षांनी 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये बेटी हिग्डेन या म्हातारीच्या रूपात लिहिली. वर्कहाऊसमध्ये जावे लागू नये म्हणून ती गावोगाव चालत राहते आणि वाटेवरच मरते. पण कुटुंबे मोडणारी ही व्यवस्था चालते कशी, तिचे कारकून, तिची बटणे, तिच्या किमती, हे समजून घ्यायचे असेल तर 'ऑलिव्हर ट्विस्ट'ला पर्याय नाही. आजच्या कादंबऱ्या आवडणाऱ्यांनी एकदा तरी मुळाशी येऊन जावे.

घेताना एवढे पाहा की पाठीमागे किंवा मुखपृष्ठावर 'संक्षिप्त' असे लिहिलेले नाही, प्रकरणे त्रेपन्न आहेत आणि जॉर्ज क्रूकशँकची चोवीस चित्रे आत आहेत. स्वस्तातली एक प्रत मी आधी ऑनलाइन मागवली होती. तिच्यात चित्रे नव्हती, टीपा नव्हत्या आणि काही ठिकाणी परिच्छेद एकमेकांत मिसळले होते. टीपांसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, कारण त्यांच्याशिवाय पॅरिशचे कायदे आणि हुद्दे समजत नाहीत. पैसे खर्चायचे नसतील तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर संपूर्ण मजकूर विनामूल्य मिळतो. इंग्रजी जड आहे, वाक्ये लांब आणि उपरोधाने भरलेली आहेत. लेखक एखाद्या क्रूर गोष्टीची तोंड भरून स्तुती करतो तेव्हा तो नेमके उलटे सांगत असतो, हे एकदा उमगले की गाडी रुळावर येते. दहावीच्या पुढच्या मुलांना हे जमावे. वेळ कमी असेल तर पहिली सात प्रकरणे, मग सतरा, तेवीस, चोवीस, सत्तावीस आणि सदतीस वाचावीत. बंबल आणि वर्कहाऊसची व्यवस्थापिका मिसेस कॉर्नी यांची कथा त्यांत सलग मिळते. तिच्याशी लग्न करण्याआधी तो तिचे चहाचे चमचे मोजतो आणि साखरेचा चिमटा हातात तोलून पाहतो. पुढे हे दोघे नोकरी गमावून त्याच वर्कहाऊसमध्ये भिकारी म्हणून येतात आणि नियमाप्रमाणे वेगवेगळ्या विभागांत टाकले जातात.

शेवटचे पान मात्र कोणत्याही घाईत गाळू नका. गावच्या चर्चमध्ये ऑलिव्हरच्या आईच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली आहे आणि तिच्यावर एकच शब्द आहे, ॲग्नेस. त्या पाटीमागे पेटी नाही. पहिल्या प्रकरणात फाटलेल्या बुटांनिशी रस्त्यात पडलेली ती बाई वर्कहाऊसमध्ये आणली गेली, मूल एकदा पाहून मेली, आणि पॅरिशने तिला पुरले. कुठे पुरले, ते पुस्तकात कुणालाच सांगता येत नाही.